दादू मावशीचे डोळे

दादू गेला तो सकाळचा चहा पिऊन. कपबशी पडवीत बाजूला सारली, "आज ऊन लवकर चढला गो" एवढं आतल्या बाजूला तोंड करून बोलला, आणि भिंतीला टेकला तो टेकलाच. येसूबाई चुलीपुढे होती. नवरा एकदा बोलून गप्प बसणाऱ्यातला नव्हता, म्हणून तिला शंका आली. बाहेर येऊन तिने खांदा हलवला, आणि मग जी हाक मारली ती वाडीच्या टोकापर्यंत ऐकू गेली.

आरोग्य केंद्रातले डॉक्टर लगेच आले, नाडी बघितली, हृदय बंद पडलं म्हणाले आणि दाखला लिहून देऊन गेले.

आता दादू कोण, हे सांगायला हवं. गुहागर तालुक्यात नमनाचा, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्याचा, खेळ बघितलेला असा माणूस नसेल ज्याला दादू मावशी ठाऊक नाही. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो वाडीच्या नमन मंडळात गवळणींच्या मावशीचं सोंग घ्यायचा. लुगडं नेसून, तोंडाला पावडर थापून, कमरेवर हात ठेवून रंगमंचावर आला की नुसत्या चालीवर लोक हसायचे. घरी मात्र साधा शेतकरी. चार वाफे भात, काजूची थोडी झाडं आणि मुंबईला नोकरी करणारा एक मुलगा, संदेश.

शिमगा आटपून जेमतेम आठवडा झाला होता. पालखी घरी नाचवून चाकरमानी परत गेले होते, त्यांच्याबरोबर संदेशही. त्याला फोन लावला तो बाळाने. बाळा हा दादूचा चुलतभाऊ आणि वाडीचा गावकर. लग्न असो, मयत असो, पुढे होऊन सगळं बघायचं काम त्याचं. "बाबा गेलं, नीघ," एवढंच तो फोनवर म्हणाला. येसूबाईने फोनसाठी हात पुढे केला.

"माज्याकडं दे. डोळ्यांचा सांगायचा हाय त्याला."

"वयनी, पोरगा तिकडं रडतोय. आत्ता त्याच्याजवळ ह्या इषय काढतेस? गाडीत बसू दे आधी," असं म्हणून बाळाने फोन बंद केला. येसूबाईने ऐकलं. तिथेच चुकलं, कारण पुन्हा लावला तेव्हा संदेशचा फोन बंद लागला, आणि नंतरही बंदच लागत राहिला.

वाडीत मयत झालं की पहिला फोन मुंबईला जातो आणि मग वाट बघणं सुरू होतं. मुंबईकराने येऊन तोंड बघितल्याशिवाय तिरडी उचलत नाहीत. तो येईपर्यंत काही ठरत नाही आणि कुणी काही ठरवतही नाही. अहो, दारातलं फणसाचं झाड तोडायचं तरी इथे मुंबईला विचारतात, तिथे मेलेल्या बापाची गोष्ट काय घेऊन बसलात. संदेश सकाळची गाडी पकडून चिपळूणला उतरणार, तिथून रिक्षाने वाडीत यायला त्याला दिवेलागण होणार. म्हणजे दिवेलागणीपर्यंत सगळ्यांनी बसून राहायचं.

आणि डोळ्यांना सहा तास.

हे सहा तास वाडीत शेंबड्या पोरालाही पाठ होते. ते पाठ झाले दादूमुळे आणि दादूला कळले येसूबाईमुळे. मागे एका वर्षी भाताच्या झोडणीत तिच्या उजव्या डोळ्यात कुसळ गेलं. तिने पदराच्या टोकाने काढलं, दूध घातलं, शेजारणीने सांगितला तो पाला पिळला. डोळा पिकला आणि त्यात पांढरं फूल पडलं. त्या बाजूने नुसता उजेड कळायचा. शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, कुणी मेलेल्या माणसाचे डोळे दिले तरच हा बरा होईल. बरेच महिने वाट बघितल्यावर एकदा फोन आला आणि ऑपरेशन झालं. पट्टी सुटली तेव्हा तिला पहिल्यांदा दिसलं ते दादूचं तोंड. तो तोंडाचा आ करून तिच्याकडे बघत होता, आणि तिला इतकं हसू आलं की डॉक्टर रागावले.

डोळा कुणाचा, ते नाव सांगत नाहीत. कुणीतरी गेलं होतं, त्या घरातल्यांनी रडता रडता हो म्हटलं होतं, इतकंच तिला कळलं. परत येताना एसटीत दादू एक अक्षर बोलला नाही. पुढच्या शिमग्यात मावशीला नवं भाषण आलं.

"अगो बायांनो," मावशी कमरेवर हात ठेवून गवळणींना विचारायची, "दूध विकताव, दही विकताव, ताकाचा पानीसुदा सोडत नाय. आनि डोळं तेवढं फुकट जाळताव? सहा तास गो बायांनो, सहा तास! पंखा बंद करा, डोळ्यावर ओला कापूस ठेवा, उशाला उशी द्या, आनि फोन करा!" मग मावशी लुगड्याच्या ओच्यातून मोबाईल काढून खरंच नंबर म्हणायची. शिट्ट्या पडायच्या, लोक हसून लोळायचे. ज्या रंगाऱ्याने संदेशच्या लग्नात घराच्या भिंतीवर वधूवरांची नावं रंगवली, त्याच्याकडूनच दादूने नावांच्या खाली नेत्रपेढीचा नंबरही लाल अक्षरांत रंगवून घेतला होता. त्यावरूनही लोक हसले. नमनाची सुपारी द्यायला आलेला एकजण तर तो दादूचाच नंबर समजून लावून बसला होता.

हसले सगळे. डोळे मात्र तालुक्यात कुणी दिले नव्हते. आणि आज दादूचेच डोळे सरणावर गेले, तर इतकी वर्षं तो जीव तोडून जे बोलला ते सोंगातलं बोलणं ठरणार होतं. लोक म्हणाले असते, मावशीने लुगडं सोडलं आणि भाषणही सोडलं. येसूबाईला ते सहन होण्यासारखं नव्हतं.

ती उठली आणि पंखा बंद केला.

ओटीवर दादूला निजवलं होतं, भोवती बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. चैत्राच्या तोंडावरचं ऊन, वर तापलेली कौलं. बाळाची बायको सखू म्हणाली, "येसूबाय, अगो घुसमटायला होतंय. पंखा कशाला बंद केलास?"

"वाऱ्याने डोळं सुकतात. हवा पायजे तर अंगनात बसा."

तिने दादूच्या डोक्याखाली उशी सरकवली. पापण्या नीट मिटून त्यांवर ओला कापूस ठेवला. हे सगळं करायला तिला कुणाला विचारावं लागलं नाही, मावशीने शिकवलेलंच होतं. मग ती पडवीत आली, भिंतीसमोर उभी राहिली आणि एकेक आकडा वाचत नंबर लावला. नेत्रपेढीतल्या बाईंनी पत्ता विचारला, गेल्याची वेळ विचारली आणि म्हणाल्या, "लगेच निघतो."

अंगणात कुजबुज सुरू झाली. बाळा तरातरा पडवीत आला. माणूस वाईट नव्हता. सकाळपासून अनवाणी धावत होता, लाकडं सांगितली होती, स्वतः पाण्याचा घोट घेतला नव्हता.

"वयनी, पोरगा आल्याबिगर कायपन करायचा नाय."

"पोरगा येईस्तो डोळं राहनार नाय, भावजी."

"नाय राहिलं तर नाय राहिलं. बापाचा तोंड बघायला तो मुंबईसून येतोय. आनि त्याला काय दाखवशील? खोबनी? उद्या त्याने इचारला, बाळाकाका, तुमी असून ह्या कसा झाला, तर मी काय सांगू?"

"माजा नाव सांग."

"आनि फुडच्या जल्माला आंधळा झाला म्हंजे?"

येसूबाई त्याच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. ती एरवी दिराशी मान वर करून बोलत नसे. आज तिने मान वर केली आणि उजव्या डोळ्यावर बोट ठेवलं.

"ह्यात बघ. नीट बघ, भावजी. ह्या डोळ्यात कुनाच्यातरी घरातला मानूस हाय. त्याला पन पोर असंल. त्याचा पन भाऊ असंल, तुज्यासारका. त्यांनी मुंबईकराची वाट बघत बसायचा ठरवला असता, तर मी आज हितं चाचपडत असती. तो मानूस फुडच्या जल्मी आंधळा होईल असा तुला वाटतंय? मंग बोल तसा माज्या तोंडावर."

बाळाने मान फिरवली.

एवढ्यात घरात फोन वाजला. खुंटीवर टांगलेल्या दादूच्या सदऱ्याच्या खिशात त्याचा मोबाईल तसाच राहिला होता. बाळाने जाऊन बघितलं. "अनोळखी नंबर हाय. कोनतरी नमनाची सुपारी द्यायला करत असंल. आता त्यांना काय सांगायचा?" फोन वाजून वाजून थांबला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला. दोन्ही वेळा तो कुणी घेतला नाही. बायकांच्या डोळ्यांना तेवढं पाणी आलं.

दुपार कलायच्या आत, सहा तास भरायच्या आधीच, नेत्रपेढीची गाडी आली. डॉक्टर मृणाली आणि एक मदतनीस. डॉक्टरीण वयाने लहान होती, पण घाई नाही, मोठा आवाज नाही. तिने चपला बाहेर काढल्या, दादूला हात जोडले, कापूस उचलून बघितलं आणि येसूबाईला म्हणाली, "आजी, फार छान ठेवलंयत तुम्ही. तुमची सही हवी. शिवाय दोन साक्षीदार लागतील."

येसूबाईने सही केली. मग अंगणाकडे बघितलं. माणसं होती पन्नासेक, आणि एकालाही दुसऱ्याच्या तोंडाकडे बघवेना. कुणी आभाळाकडे बघत होतं, कुणी चपलेच्या अंगठ्याकडे. नमनात शिट्टी मारणारे तर आधीच कुंपणाबाहेर जाऊन उभे होते.

"एवढी वरसं हसलाव," येसूबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण अंगणात सगळ्यांना ऐकू गेला. "मावशी बोलली का हसलाव. फुकट हसलाव काय? दोगं पायजेत. मी हितं उभी हाय, आनि दोगं मिळाल्याबिगर हलनार नाय."

पहिली उठली ती सखू. पदर खोचत म्हणाली, "मना सही येत नाय, अंगठा चालंल?" चालेल म्हटल्यावर तिने शाईत अंगठा असा दाबला की कागद फाटायचा राहिला. मग तिने नवऱ्याकडे नुसतं बघितलं.

बाळा पुढे आला. "सही करतंय," तो कुणाकडेही न बघता म्हणाला, "पन पोराला जबाब तू द्यायचा, वयनी. आनि मी आत बसनार. तोंडाला कायपन झालेला दिसला तर मी गाडी जाऊ द्यायचा नाय."

"बसा ना, काका," डॉक्टरीण म्हणाली.

दार लोटलं गेलं. येसूबाई बाहेर उंबरठ्याशी बसली. आतून हत्यारांचा बारीक आवाज येत होता. तिला वाटलं होतं त्याहून फार लवकर दार उघडलं. बाळा बाहेर आला तो डोळे पुसत. येसूबाई उठून उभी राहिली.

"काय झाला?"

"काय नाय झाला," बाळा म्हणाला. "झोपल्यागत दिसतोय. सकाळी दिसत होता तसाच." आणि तो पडवीच्या कडेला बसून लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. सकाळपासून त्याला रडायला सवडच मिळाली नव्हती.

जाताना डॉक्टरीण येसूबाईचे हात धरून म्हणाली, "दोन्ही चांगले आहेत, आजी. दोघांना दिसेल." गाडी लाल धुरळा उडवत उतरणीला लागली. आता पंखा लावायला हरकत नव्हती. येसूबाईनेच उठून लावला.

त्यानंतरचा वेळ मात्र तिला जड गेला. करायचं ते करून झालं होतं आणि आता पोराला तोंड द्यायचं होतं. संदेश बापाच्या फार जवळचा. त्याला न विचारता केलं. तो चिडला, वाडीसमोर बोलला तर ऐकून घ्यायचं, पण माफी मागायची नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं आणि ती दादूच्या उशाशी बसून राहिली.

दिवेलागणीला रिक्षा आली. संदेश उतरला तो धावतच. अंगणातली माणसं बाजूला झाली. त्याने बापाच्या पायांवर डोकं ठेवलं, मग तोंडाजवळ बसून गालांवरून हात फिरवला, कपाळावरचे केस मागे सारले. कितीतरी वेळ तो त्या तोंडाकडे बघत होता. बाळा दारात उभा होता, दोन्ही हात घट्ट आवळून.

येसूबाईने घसा साफ केला. "संदेश, मी तुला न इचारता..."

"आई, माझ्यामुळे राहिलं गं," संदेश एकदम फुटला. "बाबांचे डोळे. माझा फोन पनवेललाच बंद पडला. शेजारच्या माणसाचा मागून घेतला, तर नंबर एकच पाठ, बाबांचा. त्यावरच लावला. पूर्ण रिंग झाली, कुणी घेतला नाही. मग परत लावला. त्यानंतर बोगदे सुरू झाले, रेंजच नाही. मला एवढंच सांगायचं होतं, माझ्यासाठी थांबू नका, डोळे द्या. शिमग्याला मला म्हणाले होते, पोरा, माझं भाषण वाया घालवू नको. आणि मी घालवलं, आई."

बाळाने खुंटीवरच्या सदऱ्याकडे बघितलं आणि मटकन खाली बसला.

येसूबाईने मुलाचं डोकं जवळ ओढलं. "दिले रे," ती म्हणाली. "दुपारीच दिले. बाळाकाकाने सही केलान."

संदेशने मान वर केली. पुन्हा बापाच्या तोंडाकडे बघितलं, मग आईकडे. त्याला काही फरक दिसला नव्हता. तो उठला आणि दारात बसलेल्या काकाला त्याने घट्ट मिठी मारली.

सकाळपासून येसूबाईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता मात्र ती रडली. दोन्ही डोळ्यांनी रडली.