पाठ झालेलं वेळापत्रक

मी एक जुना चष्मा आहे. सदर बाजारातल्या दुकानात माझा जन्म झाला आणि रेल्वेतल्या नरहरीकाकांच्या नाकावर आयुष्य गेलं. "हा माझा तिसरा डोळा," असं ते चारचौघांत सांगत, तेव्हा माझ्या काड्या ताठ व्हायच्या.

मित्रांनो, काका निवृत्त झाले आणि शुगरने त्यांच्या डोळ्यांचा पडदा पोखरला. समोर काळे ठिपके तरंगू लागले. काका मलाच पुसत राहिले, माझ्या काचाही बदलल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी!

समता कॉलनीतल्या डोळ्यांच्या डॉक्टर क्षमाताईंनी लेझरचा उपचार सांगितला. काका घाबरले. तेवढ्यात पुतण्या अभिनवने मोबाईलवर वाचलं, की भांगेच्या झाडातल्या कॅनाबिडिऑलने मधुमेह्यांचे डोळे वाचू शकतील. तो तेलाची बाटलीच घेऊन आला. "काका, इसमें नशा नहीं है, टेन्शन मत लो." बुडत्याला काडीचा आधार! काकांनी लेझरची तारीख सोडून दिली.

रोज जिभेखाली थेंब घ्यायचे आणि भिंतीवरचं रेल्वेचं वेळापत्रक मोठ्याने वाचायचं, ही त्यांची डोळ्यांची परीक्षा. काका घडाघडा वाचत. "पाह्य इंदू, तेल काम करून राहिलं!" इंदूकाकू सुखावत. मला मात्र वाईट वाटे, कारण काकांची बुबुळं ओळींवरून हलतच नव्हती.

एकदा शेजारचे देवीदास नवं वेळापत्रक देऊन गेले. काकूंनी ते जुन्याच्या जागी लावलं आणि सांगायचं विसरल्या. सकाळी काका सुरू झाले. पोळी लाटता लाटता काकू थबकल्या.

"अहो, नागपूरच्या गाडीची वेळ तर बदलली. तुम्ही जुनीच काहून सांगून राहिले?"

काकांनी मला काढून हातात धरलं.

"इंदू, मले अक्षरच दिसत नाही. तुले कसं सांगू?"

काकू त्याच पावली त्यांना क्षमाताईंकडे घेऊन गेल्या. क्षमाताई रागावल्या नाहीत. "काका, त्या औषधानं प्रयोगातल्या उंदरांमध्ये आशा दाखवली आहे, पण माणसांसाठी तो इलाज अजून ठरलेला नाही. ठरला तर मीच देईन. तोवर डोळा वाट पाहणार नाही."

लेझर झालं. उजवा डोळा वाचला, डाव्याला उशीर झाला होता.

मित्रांनो, माझी काच कुणीही पुसेल, आतला पडदा डॉक्टरांनाच दिसतो. घरातलं मधुमेही माणूस "दिसतं" म्हणालं, तरी त्याचे डोळे वेळेवर तपासून घ्या. आता काका नवं वेळापत्रक वाचतात, पण घडाघडा नाही. एकेका अक्षरावर अडखळतात, आणि काकू लाटणं थांबवून ते अडखळणं कान देऊन ऐकतात.