अकोल्याच्या दुकानातला फोन

थकलो बाप्पा मी या फोनच्या पायी. जन्मभर संत्रा इकून कधी थकलो नाई, एवढा दोन दुकानं जोडता जोडता थकलो.

आमची संत्र्याची अडत. अमरावतीचं दुकान मी पाहात होतो आन् अकोल्याचं माह्या मोठ्या भावानं, देवीदासदादानं सांभाळलेलं. बागा इकडे, गिऱ्हाईक तिकडे. अकोल्यात आज काय भाव निघाला हे मले दुसऱ्या दिवशी कळे, एस.टी.च्या कंडक्टरनं आणलेल्या चिठ्ठीतून. तोवर माल एक तं निघून गेलेला, नाईतर नासलेला. शेवटी मी दादाले कळवलं का रोजच्या रोज भाव कळाची सोय करू, आन् नाई जमलं तं अकोल्याचं दुकान बंद करू, तुमी अमरावतीले या. लिहिताना मलेच कसंतरी झालं. लेकरूबाळ नाई, दुसरा नाद नाई, दादाचं सारं जगणं त्या दुकानात होतं.

पयले तार पाहिली. तारेनं भाव जाते, पण उलटून विचारायचं झालं का पुन्हा दुसरी तार. मंग टेलिफोन ऑफिसात गेलो. तिथले बाबू नत्थुजी माह्याहून कंटाळलेले. म्हणे, साधा ट्रंक कॉल लावा, तं कधी लागेल ते आमी नाई सांगत. अर्जंट लावा, तं लवकर लागेल, पण महाग पडेल. नाईतर रोजची एक वेळ बांधून घ्या, तेवढा वेळ लाइन तुमची. आज या, उद्या या, साहेब दौऱ्यावर आहेत, हे आयकता आयकता संत्र्याचा एक बहार निघून गेला. मी सकाळी दहाची वेळ बांधली.

दादाचं मात्र एकच पालुपद, चिठ्ठीच बरी. काहून बरी? तं बरी. माह्या डोक्यात तिडीक जाये.

फोन बसला आन् नवाच तमाशा झाला. आमच्या धंद्यात भाव होते हत्त्यानं, म्हणजे उपरण्याखाली हात घालून एकमेकाची बोटं दाबायची, शेजारच्याले पत्ता लागू द्यायचा नाई. आन् इथं मी अकोल्याले आयकू जावं म्हणून भर बाजारात भाव बोंबलून राहिलो. लोक हसत. हसू द्या म्हटलं, दादाचं दुकान तं वाचलं.

कशाचं वाचलं! दादा फोनवर साऱ्याले हो म्हणे. माल पाठवू? हो. बाजार पडला काय? हो. एक दिवस त्याच्या होकारावर मी ट्रकभर संत्रा धाडला. अकोल्यात त्या दिवशी संत्र्याले कोणी विचारत नव्हतं. अर्धा माल उकिरड्यावर गेला.

माह्या अंगाचा तिळपापड झाला. माह्या बायकोले, वच्छलेले, म्हटलं का उद्या दहाच्या फोनवर इथला भाव तूच सांग, मी अकोल्याले जाऊन कुलूप लावून येतो. ती म्हणाली, लावा, पण दादाच्या तोंडाकडे पाहून लावा. नवं कुलूप पिशवीत घातलं आन् पयली एस.टी. धरली.

दादा ढिगापाशी उभा होता, उपरण्याखाली हात, समोर महादेवराव व्यापारी. दोघाईचे चेहरे कोरे. एक सौदा झाला, मंग दुसऱ्या व्यापाऱ्याचा झाला, कुठं अडकणं नाई, चुकणं नाई. असा माणूस फोनवर नुसता हो हो काहून करते? मी मागून हाक मारली. वळला नाई. जोरानं मारली. महादेवरावनं पाहिलं, रस्त्यावरच्या माणसानं पाहिलं, दादा नाई वळला.

दादाची बायको, पार्बतावयनी, घरून डबा घेऊन आली होती. तिनं माह्याकडे पाहिलं आन् मान खाली घातली. तिनं दादाच्या कोपराले हात लावला तवा कुठं त्यानं मले पाहिलं, आन् माह्या तोंडावरून सारं ओळखलं. हाताले धरून आत गादीवर नेलं.

"मले आयकू येत नाई, गोवर्धन," दादा हळूच बोलाले गेला, पण आवाज मोठाच निघाला. "बाजारात कोणाले माहीत नाई. दुकान बंद कराले आला असशील, तं तोंडानं नको सांगू."

आन् उपरण्याखाली हात घेऊन त्यानं माह्यापुढं केला.

मी हात घातला. हत्ता मले त्यानंच शिकवला होता, मी शाळेत जात होतो तवा. हत्त्यात आकडे असतात. बंद करा, उठा, चला, हे सांगाले बोट नसते. मी नुसता त्याचा हात धरून बसलो. लय वाईट वाटलं बाप्पा. ह्याच माणसाले मी रोज दहा वाजता साऱ्या बाजारासमोर परीक्षेले बसवलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. दादाले कळलं नाई. मी दचकलो म्हणून त्यानं फोनकडे पाहिलं, आन् उठाले लागला, रोजच्यासारखा हो म्हणाले.

वयनीनं डबा खाली ठेवला. दुकानाच्या गादीवर ती कधी चढली नव्हती. आज चढली, फोन उचलून कानाले लावला. वच्छलेचं ओरडणं मलेही आयकू आलं. वयनीनं माहा हात बाजूले सारला, आपला उपरण्याखाली घातला आन् आयकता आयकता दादाची बोटं दाबू लागली. दादानंही दाबली. मंग वयनी फोनात बोलली, "आज माल नका धाडू म्हणते. परवा पाहू म्हणते."

आकडे ठीक आहेत, पण नका धाडू, परवा पाहू, हे बोटात कुठून आलं? फोन ठेवल्यावर मी तिले विचारलं, हे तुले कवा शिकवलं दादानं?

"शिकवलं नाई," वयनी म्हणाली. "घरी आमी दुसऱ्या कशानं बोलतो, भाऊजी?"