तीच साखर

ताईची उमेदीची सगळी वर्षं एका साखरेमागे गेली होती. चहातली नव्हे, पेशींच्या अंगावर लव असावी तशी असणारी साखर. मेंदूतल्या काही गाठींवर ती दाट असते. तिला हेरून पेशी मारणारं ताईच्या प्रयोगशाळेतलं औषध आता कुठे रुग्णांना देऊन पाहत होते.

अशात धाकट्या बहिणीला फिट आली. मेंदूत गाठ निघाली, तीही सुरी पोचणार नाही अशा जागी. आणि धाकटी पोटुशी.

"तुझंच औषध ना, ताई? मग लाव की वशिला," धाकटी खाटेवरून हसली.

ताईला हसू फुटेना. तीच साखर गर्भाच्या मेंदूतल्या कोवळ्या पेशींवरही असते. तिच्यामुळेच त्या कुठे न चिकटता आपापल्या जागी सरकत जातात. गाठीनं नेमकी तीच युक्ती उचलली होती. नाळेतून पलीकडे गेलेल्या औषधाला दोन्हींतला फरक कळला नसता. ताईनं काही हातचं न राखता सगळं सांगून टाकलं.

मेहुणा भिंतीकडे तोंड करून उभा होता. "मूल पुन्हा होईल. हिला कुठून आणू?"

"बाळ बाहेर येऊ दे," धाकटी म्हणाली. "मग घाल काय घालायचं ते."

"गाठ थांबायची नाही गं."

"ते कळतंय मला. खुळी आहे का मी?"

ताई भांडली, रडली, अबोला धरून पाहिला. धाकटी बधली नाही. हळूहळू तिचे शब्द गळत गेले. आधी वस्तूंची नावं, मग माणसांची.

दिवस भरायच्या आतच पोट कापून मुलगी काढली. एवढीशी, पण आवाज खणखणीत. तिला कुशीत ठेवलं तेव्हा धाकटी बराच वेळ बघत राहिली.

"कुणाची गं?"

"तुझी."

"हो?" म्हणाली, आणि तिनं हात पोरीभोवती घट्ट केला.

नंतर औषध दिलं. गाठ तसूभरही हटली नाही. पोरगी मान धरायच्या आत आई गेली.

काही दिवसांनी मेहुण्यानं विचारलंच. "ताई, आधी दिलं असतं तर लागू पडलं असतं?"

"माहीत नाही," ताई म्हणाली. खरंच माहीत नव्हतं.

आत पोरगी रडायला लागली, तशी ताई उठली.