अकरा ते पावणेबारा

सत्यशीलेनं फोन पदरानं पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. साखर कारखान्याचा हंगाम ऐन भरात होता. अंकुशनगरच्या क्वार्टरमध्ये काळी राख खिडकीवर येऊन बसते, फोनवर नाही.

"अगं, मेसेज काय घासून निघतो का?" तातेराव म्हणाले. नवऱ्याची आज कारखान्यात दुपारची पाळी होती, म्हणून चिडवायला ते घरात मोकळे.

"मेसेज येणारच न्हाई आज. तेच तर."

अकरा ते पावणेबारा मीनाची परीक्षा होती. तिकडं दूर, टेंभुर्णीत. पशुसखीचा वर्षभराचा ऑनलाइन कोर्स: शेळ्यांच्या लसी, जंताचं औषध, बाळंतपण. शेवटच्या परीक्षेत वीसपैकी बारा पडले तर गावची पशुसखी म्हणून तिचं नाव लागणार. नाही पडले तर एक वर्ष वाट बघायची. सत्यशीला तिची मार्गदर्शक. मीना आणि आणखी दहा जणी तिच्या पदराखाली.

पदराखाली म्हणजे अगदीच. नाव नोंदवताना तिनं अकराही जणींपुढं स्वतःचाच मोबाईल नंबर टाकला होता. 'तुम्हाला कशाला ताप? ओटीपी माझ्याकडं येईल, मी सांगत जाईन.' कुणाचा फोन नवऱ्याच्या खिशात, कुणाचा दिरासोबत शेतात. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मग हळूहळू ओटीपी टाकून तीच त्यांच्या खात्यात डोकावू लागली. बायांनी दिलेली उत्तरं तपासू लागली. एखाददुसरं बदलूही लागली. मागच्या एका चाचणीत मीनाला एकोणीस पडले. त्यातले मीनाचे किती, हे कुणी विचारलं नाही. सत्यशीलेनंही नाही.

गेल्या महिन्यात ती एका लग्नात होती. बँडच्या गलक्यात फोन वाजलेला कळलाच नाही. तिकडं मीना मोबाईल धरून बसली ती बसलीच, आणि चाचणी बंद झाली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"ताई, एक बोलू? राग नका धरू. माझ्या नावापुढं माझा नंबर टाका. भावानं त्याचा जुना फोन देल्लाय."

"अगं, पण तुला जमंल का सगळं?"

"न्हाई जमलं तर न्हाई जमलं. पण मंग कळंल तरी, मला जमत न्हाई म्हणून."

सत्यशीलेनं नंबर बदलला. रोज जिची वेणी घालावी त्या लेकीनं एका सकाळी कंगवा हातातून काढून घ्यावा, तसं काहीतरी तिच्या बोटांना झालं.

अकरा वाजले. ती ओट्यापासून दारापर्यंत गेली, दारापासून ओट्यापर्यंत आली. चहात साखर टाकली, परत टाकली.

"लसीचं तिला पक्कं आहे. पीपीआर रोगाच्या लक्षणांत मात्र घोटाळते ती."

"मला कशाला सांगून राह्यली? मी काय शेळी आहे का?"

अकरा दहा. आत गेली असेल का? ओटीपी आला असेल का? टेंभुर्णीत रेंज असेल का? तिथं काय चाललंय हे कळायला आज एकही फट नव्हती. वर्षभर ती अकरा घरांत न विचारता वावरली होती, आणि आज एका घराला आतून कडी. जीव जात्याच्या वरच्या पाळूगत गरगरत होता, आणि खाली दाणा नव्हता.

अकरा पंचवीस. नुसतं विचारावं, लागला का पेपर. एवढंच. बोटानं विचार पुरा होऊ दिला नाही. एक रिंग गेली. तिनं घाईनं फोन कापला.

"लावलास?" तातेराव आता हसत नव्हते.

"चुकून लागला."

पावणेबारा झाले. बारा वाजले. चहावर साय धरली. बारा दहाला मीनाचा फोन आला.

"ताई, मधी तुमचा फोन आल्ता ना?"

सत्यशीला भिंतीला टेकली.

"पेपरच गेला स्क्रीनवरून. धस्स झालं. सासूबाई म्हनल्या, लाव जल्दी त्या म्याडमला. मी म्हनलं, गप बसा जरा. परत नंबर टाकला, ओटीपी इथंच आला, मंग गेले आत. तेवढ्यात दोन प्रश्न मात्र ऱ्हायले."

"माझ्यामुळं गेले गं ते."

"हो," मीना म्हणाली. सरळच म्हणाली. "पण तेरा पडले."

एकोणीसची सवय लागलेल्या जिभेवर 'तेराच?' आलं होतं. दातांनी अडवलं.

"अन् ताई, चिकाचा प्रश्न आल्ता. तुमी पाठ करून घेतलेलं सगळं इसरले. मंग माझं आठवलं."

"तुझं? कोणतं?"

"शेळ्यांमागं फिरताना गाणं जोडल्तं. हसू नका." आणि ती लाजत, पण सुरात म्हणाली,

"पिलू पडलं भुईवर, ओलं अंग पुसीते
अर्ध्या तासाच्या आत गं, चीक त्याला पाजीते."

सत्यशीलेनं वर्षात तिला शेकड्यांनी आवाजी मेसेज पाठवले होते. तू कशी शिकतेस, एवढं एकदाही विचारलं नव्हतं.

"सगळ्या धड्यांचं केलंयस का असं?"

"समजलं त्याचंच. पीपीआरचं काही जुळलंच न्हाई. तिथंच चुकले."

"अगं, ते सोपं आहे, आत्ता सांगते, बघ..."

"आता नको ताई. शेळ्या सोडायला उशीर झालाय. उद्या दुपारी मी लावते. तुमी नका लावू."

फोन बंद झाला.

"नापास?" तातेरावांनी विचारलं.

"पास."

"मग तोंड असं का?"

ती दुसरा नंबर लावत होती. आष्टीच्या चांगुणाबाईचा पेपर गुरुवारी होता.

"चांगुणाबाई, तुमच्या नावापुढं टाकायला तुमचाच नंबर सांगा बरं. हा तर तुमच्या लेकाचा आहे."

"माझा? सुनेनं सिम आणून देल्लं, पण नंबर कुठं पाठ हाय! मला कोण लावतंय फोन?"

"शोधून सांगा."

"तुमीच काढा की ताई, तुमाला समदं येतं."

सत्यशीलेनं डोळे मिटले. तिला खरंच येत होतं. दोन मिनिटांचं काम.

"न्हाई. सापडला की तुमीच लावा मला."

तिनं फोन पालथा ठेवला. सुलटा केला. परत पालथा ठेवला आणि त्याच्याकडं पाठ करून बसली.