नेच्यांच्या फोरमवरचं उत्तर

नेच्यांच्या फोरमवर जो नुसतं वाचतो आणि काही लिहीत नाही, त्याचं घर आखूड होत जातं. आमचं कऱ्हाडचं घर असंच आखूड झालं. आधी व्हरांडा गेला, मग जेवणघराची निम्मी बाजू. यांनी पलंग कापून लहान केला आणि आम्ही पाय पोटाशी घेऊन झोपायला लागलो.

फोरम लहानसाच. दगडांच्या सांदीत, विहिरींच्या कडांना उगवणाऱ्या नेच्यांचे, म्हणजे फर्नचे, फोटो लोक तिथे टाकायचे. कुडाळच्या केळुसकरकाकूंनी तो सुरू केला होता. हळूहळू सगळे गप्प झाले, काकू एकट्याच लिहीत राहिल्या. मी रोज वाचायचे. लिहायचे मात्र नाही. आपल्याला त्यातलं काय कळतं?

मग काकूंचा फोन आला.

"तू वाचतेस ना गं? कुणीतरी वाचून जातं, ते दिसतं मला."

"वाचते, काकू."

"मग लिही की. शहाणपणाचं नको. 'पाहिलं' एवढंच लिही."

"लिहिते. तुमचा आवाज इतका लांबून का येतोय?"

"घर लांबत चाललंय. लिहिलेल्याला उत्तर आलं नाही की लांबतं. सकाळी देवाला फूल वाहायला निघाले, देवघर अजून यायचंय."

"मग मागे फिरा ना."

"मागचंही आता काही दिसत नाही. जेवलीस का?"

त्या दिवशी मी दोनदा लिहिलं आणि पुसलं. दुसऱ्या दिवशी उठताना यांचा खांदा दोन भिंतींमध्ये अडकला. तेल लावून मी तो सोडवला. कातडी सोलवटली होती.

"लिहून टाक काहीतरी," हे म्हणाले. रागावले नव्हते, फक्त दमले होते.

मी काकूंच्या शेवटच्या फोटोखाली लिहिलं, 'काकू, पाहिलं. कोवळ्या पानाची गुंडाळी फार आवडली. आमच्या मोरीमागेही असंच काही उगवतं. ते कोणतं?'

भिंती लगेच मागे सरकल्या. यांनी किती दिवसांनी पाय लांब केले. गुडघे कडाकडा वाजले आणि ते हसले. मीही हसले.

मी उत्तराची वाट पाहिली. काकूंना फोन लावला. तो वाजत राहिला. त्या त्याच्यापासून किती लांब असतील, मला कळेना.

व्हरांडा परत आला, जेवणघर पुरतं झालं, तरी भिंती थांबल्या नाहीत. खिडकी पोस्टाच्या तिकिटाएवढी दिसू लागली. मी परत लिहिलं, 'कुणी आहे का?'

"घाबरू नकोस, चहा आणतो," हे म्हणाले आणि स्वयंपाकघराकडे गेले.

आता ते दोन कप घेऊन परत निघालेत. मला दिसताहेत. भरभर चालताहेत. कपांतली वाफ केव्हाच विरली, आणि ते अजून बोटाएवढेच आहेत.