पाठीवरच्या सरळ रेघा

माझ्या बायकोच्या पाठीवर दुसऱ्या कुणाचा तरी हात फिरलाय, हे मला एका मंगळवारी सकाळी कळलं. मी टेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, तळत होतो. तुगिनेम नुकतीच बाजारातून आली होती आणि विहिरीपाशी वाकून पाय धूत होती. ब्लाउजचा गळा मागून जरा खाली सरकला होता, आणि त्या चार बोटं मोकळ्या जागेत मला रेघा दिसल्या. फिकट गुलाबी, सरळ, एकमेकींपासून सारख्या अंतरावर. टेम्पेचे दोन तुकडे जळले. ते मी माझ्या ताटात घेतले.

आमच्याकडे माणसाच्या अंगात वारा शिरतो. भिजलं, उपाशी राहिलं, मोटरसायकलवरून लांब गेलं की शिरतो. मग डोकं जड होतं, पोट फुगतं, आणि पाठीला तेल लावून नाण्याच्या कडेनं मणक्यापासून बरगड्यांकडे रेघा ओढाव्या लागतात. याला केरोकान म्हणतात. रेघ जितकी लाल, तितका वारा जास्त. लाल आलीच नाही तर वारा नव्हताच, मग एक तर आजार दुसरा आहे किंवा सोंग आहे. हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. आणि प्रत्येकाचं अक्षर जसं वेगळं, तशीच प्रत्येकाची रेघही वेगळी.

माझ्या रेघा तिरप्या, आखूड आणि वांग्याच्या रंगाच्या. त्या रंगाचा मला अभिमान होता. 'बघ, किती वारा काढला,' असं म्हणायचं, नाणं डबीत टाकायचं आणि हात धुवायला जायचं, असा एकतीस वर्षांचा शिरस्ता. तुगिनेमच्या मानेखाली त्या सकाळी जे होतं ते माझं अक्षर नव्हतं.

मला वाईट वाटलं. राग नंतर आला, आधी वाईटच वाटलं. कारण सांगतो. आम्ही दोघं एका खोलीत झोपतो, पण खाटा दोन. माझं घोरणं तिनं बावीस वर्षं सोसलं आणि तेविसाव्या वर्षी सुताराला बोलावलं. हातात हात घालून चालायची आमच्या गावात रीत नाही, रस्ता ओलांडताना ती माझ्या पिशवीचा बंद धरते. मुलगी रेतनो दूर बाताम बेटावर नोकरीला, ती घरी आली की आईच्या गळ्यात पडते, माझ्या हाताला कपाळ लावते. म्हणजे तुगिनेमच्या अंगाला माझा हात लागायचा तो एवढ्या एकाच निमित्ताने. वारा शिरला, की.

ती बाहेर दोरीवर कपडे घालत असताना मी कपाटातली डबी उघडली. नाणं नव्हतं. ते नाणं डच लोकांच्या वेळचं, तांब्याचं, तळहाताएवढं मोठं वाटणारं, कडा झिजून गुळगुळीत झालेली. सासूबाईंनी लग्नात माझ्या हातात ठेवलं होतं आणि माझ्या मुलीची पाठ सांभाळा म्हणाल्या होत्या. परका हात एक वेळ समजू शकतो. पण तिनं घरातलं नाणंही बरोबर नेलं होतं. मी डबी बंद केली आणि उरलेलं टेम्पे तळलं.

विचारायचं नाही, शोधायचं, असं मी ठरवलं. दार्मिनच्या कॉफीच्या टपरीवर बसून सहज विचारावं तसं विचारलं, की हल्ली पाठीवर सरळ रेघा कोण काढतं. दार्मिननं कपात साखर ढवळत विचारलं, "कंगव्यानं भांग पाडल्यासारख्या?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, उसाच्या शेतामागची कार्सीआजी, माझी बायकोही तिच्याकडेच जाते. मग त्यानं माझ्याकडे जरा बघितलं आणि म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका हो वासितो. मी पण महिनाभर घेतलं होतं."

दुसऱ्या दिवशी मी कार्सीआजीकडे गेलो. पाठीत वारा शिरलाय असं सांगितलं. सत्तरी उलटलेली बाई, एक डोळा अधू, ओसरीवर चटई आणि खोबरेल तेलात ठेचलेल्या बारक्या कांद्यांची वाटी. तिनं मला पालथं झोपायला सांगितलं आणि मग काहीच केलं नाही. नुसता हात माझ्या पाठीवर ठेवून बसली. मला वाटलं तिला डुलकी लागली. मी विचारलं, सुरू करताय ना. ती म्हणाली, झालंय सुरू, तुमचा श्वास अजून रस्त्यावर आहे, तो घरी येऊ दे.

मग तिनं पहिली रेघ ओढली. माझा श्वास बाहेर जायला लागला की रेघ सुरू, श्वास संपला की रेघ संपली. मग थांबायचं. मग पुढची. मी एकतीस वर्षं वोनोगिरी ते सोलो मार्गावर बस चालवली. मागून दुसऱ्या कंपनीची गाडी येतेय, ती आपली माणसं उचलेल, एवढंच डोक्यात ठेवून चालवली. एका श्वासाला एक रेघ हा हिशोब मला झेपेना. तिसऱ्या रेघेला पाय हलायला लागला. दहाव्या रेघेला तो थांबला. नंतर किती झाल्या ते मला सांगता येणार नाही, कारण माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते चटईत जिरत होतं. कांद्यामुळे असेल.

"तुम्ही तुगिनेमचे मालक ना," आजी मधेच म्हणाली.  "सांगत होती ती. नवरा पाठीवर बस चालवतो म्हणे. थांबे घेत नाही."

मी विचारलं, किती दिवसांपासून येते. चार महिने, आजी म्हणाली, दर मंगळवारी. मी विचारलं, एवढा वारा शिरतो तिला. आजीनं नाणं पुसलं, माझं नाणं, आणि म्हणाली की पाठीचं ज्याचं त्यानं बघावं, मी दुसऱ्याच्या पाठीबद्दल बोलत नाही. एकाच वाक्यापूर्वी ती बोलली होती, पण मी ते दाखवून दिलं नाही.

नाणं मागितलं तर दिलं नाही. ज्या बाईनं ठेवलंय ती येऊन नेईल, म्हणाली.

आता माझ्याकडून एक चूक झाली. घरी आल्यावर मी सदरा काढला आणि पंख्याखाली बसलो. तुगिनेम भाताची परात घेऊन आत आली आणि दारातच उभी राहिली. माझ्या मानेपासून कमरेपर्यंत सरळ, सारख्या, परक्या रेघा. आमच्या घरात माझी पाठ तुगिनेमशिवाय कुणी केली नव्हती. तिनं परात खाली ठेवली, जरा जोरात. जेवताना तिनं मला चार वेळा भात वाढला आणि एकदाही भाजी वाढली नाही.

"कुणी केलं?" शेवटी तिनं विचारलं.

"तुझं ज्यांनी केलं त्यांनीच."

 मग ती आपल्या भातातला खडा काढावा तसं हळू बोलायला लागली. "रेतनोचे बाबा, तुम्ही सात मिनिटांत उरकता. मी घड्याळात बघितलंय. टीव्हीवर बॅडमिंटनचा एक गेम संपायच्या आत माझी पाठ संपते. पाठ होते, पण तिच्याखाली मी असते, हे तुमच्या लक्षातच नसतं."

मी म्हटलं, मला सांगायचं होतंस. ती म्हणाली, काय सांगू, हळू करा म्हणू? वयात आलेल्या पोरीचा बाप ना तुम्ही, आणि मी तुम्हाला हळू करा म्हणू? मग दोघांनीही ताटाकडे बघितलं. एकतीस वर्षांत एवढं उघड बोलणं आमच्यात झालं नव्हतं, आणि दोघांनाही पाणी प्यावंसं वाटलं.

"एकदा मला करू दे," मी म्हटलं. "आजीनं केलं तसं."

"वारा शिरला तर बघू," ती म्हणाली, आणि ताटं उचलली.

त्यानंतरचे पाच दिवस मी बायकोच्या अंगात वारा शिरावा म्हणून झटत होतो. हे सांगायला मला लाज वाटते, पण खरं आहे. पहाटे उठून तिच्या खाटेजवळची खिडकी उघडायची. पंखा तिच्याकडे वळवून ठेवायचा. बाजारात मोटरसायकलवरून नेताना लांबच्या, धरणाकडच्या रस्त्यानं न्यायचं आणि जॅकेट घरी विसरायचं, तिचं. ती मागे बसून शांतपणे विचारायची, हा रस्ता कशाला. मी म्हणायचो, इकडे खड्डे कमी. इकडे खड्डे जास्त होते. तिला काही झालं नाही. चौथ्या दिवशी मला शिंका सुरू झाल्या. तिनं मला आल्याचा काढा दिला आणि खिडकी लावून घेतली.

मंगळवार आला. ती पिशवी घेऊन बाहेर पडली. मी विहिरीपाशी बसून राहिलो. ती आजीकडे गेली असणार, हे नक्की होतं. मला वाटलं, संपलं हे. साठीला आलेल्या माणसाला एकच काम उरलं होतं आणि तेही त्यानं घाईघाईत घालवलं. दुसऱ्या बाईचा हात आपल्या बायकोला आपल्यापेक्षा बरा वाटतो, यात भांडायला पण कुणी नाही. कार्सीआजीशी काय भांडणार. तिनं माझीही पाठ चांगलीच केली होती.

तुगिनेम अर्ध्या तासात परत आली. भाजी आणली नव्हती. दुपारी जेवणं झाल्यावर तिनं आतल्या खोलीत चटई टाकली, शेजारी तेलाची वाटी ठेवली, आणि नेसत्या सारोंगच्या गाठीतून नाणं काढून वाटीजवळ ठेवलं. मग ब्लाउज उतरवून, सारोंग छातीशी धरून, माझ्याकडे पाठ करून बसली.

"वारा शिरलाय वाटतं," ती भिंतीला म्हणाली.

टीव्हीवर बॅडमिंटनचा अंतिम सामना चालू होता, आमच्या देशाचा पोरगा वीस-अठरानं पुढे होता. मी टीव्ही बंद केला. ती आडवी झाली. मी हात धुतले, तेल तळहातावर कोमट केलं आणि तिच्या पाठीवर नुसता हात ठेवून बसलो. बराच वेळ. तिचा श्वास लहान होता, दबकत चालणारा. त्याला माझी सवय नव्हती. हळूहळू तो लांब झाला.

मग मी पहिली रेघ ओढली. श्वास सुटताना सुरू, संपताना थांबायचं. थांबलं की बघायला वेळ मिळतो, हे मला नवीन होतं. डाव्या खांद्याखाली एक तीळ होता. कमरेच्या वर जुन्या भाजल्याची एक बोटभर खूण, गुळगुळीत. मी विचारलं, हे काय. ती म्हणाली, भाताच्या पातेल्याची वाफ, रेतनो पोटात होती तेव्हा. मी म्हटलं, मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, तुम्ही तिच्यावरून दर वेळी जात होता. मी त्या खुणेपाशी नाणं उचललं आणि बोटानं तेल लावलं. तिला तिथे स्पर्श कळत नसेल, मला वाटलं, पण तिचा श्वास तेवढ्यापुरता थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

वीस-बावीस रेघा झाल्या असतील. तेव्हा माझ्या लक्षात आलं की लाल येतच नाहीये. रेघ जेमतेम गुलाबी उमटायची आणि पुढची ओढेपर्यंत विरून जायची. पाठ जशी होती तशीच, गव्हाळ, तेलानं चकाकणारी. तिथे वारा नव्हता. आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली आणि माझा हात थांबला. तो वांग्याचा रंग, ज्याची मी एवढी वर्षं फुशारकी मारली, तो माझ्या घाईचा होता. मी नाणं दाबून पाठ सोलत होतो. वारा तिच्यात कितीदा होता आणि कितीदा तिला नुसतं माझ्यासमोर पाठ करून बसायचं होतं, हे मला कधी कळलंच नव्हतं, कारण मी प्रत्येक वेळी लाल काढून दाखवत होतो.

"थांबलात का?" तिनं विचारलं.

"श्वास घेतोय."

 मग ती एकदम हळू, जरा भीतभीत म्हणाली, "लाल येतंय का हो?"

मी तिच्या स्वच्छ पाठीकडे बघितलं.

"खूप," मी म्हणालो. "एवढा वारा मी जन्मात बघितला नाही."

"मग एका दिवसात निघणार नाही."

"छे. उद्याही लागेल. परवाही."

ती हसली की नाही ते मला दिसलं नाही, तिचं तोंड भिंतीकडे होतं. पण पाठ हलली, आणि माझी रेघ वाकडी गेली.