पंचफुलाची फुंकणी

मित्रांनो, कौतुकानं बघावं असं माझ्यात काही नाही. मी एक जुनी लोखंडी फुंकणी आहे. हातभर लांब, दोन्हीकडून उघडी, मधे पोकळ. एका तोंडातून माणसाचा श्वास आत येतो, दुसऱ्या तोंडातून तो चुलीतल्या विस्तवावर जातो. एवढंच माझं काम. तुमच्यापैकी कित्येकांनी मला नळाचा तुकडा समजून पायानं बाजूला सारलं असेल. पण थंडीच्या दिवसांत वांग्याचं भरीत, गरम भाकरी आणि रोडगे यांच्या गोष्टी तुम्ही मिटक्या मारत सांगता ना, त्यातली निम्मी गोष्ट माझ्याजवळ आहे. ती मला कुणी विचारत नाही, म्हणून आज मीच सांगते.

माझा जन्म अकोल्यातल्या एका जिनात झाला. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढण्याचा कारखाना. तिथल्या वाफेच्या इंजिनाचा एक पाइप निकामी होऊन अंगणात पडला होता. जानराव नावाच्या तरुण फिटरनं साहेबांना विचारून त्यातला हातभर तुकडा कापून घेतला. साल होतं एकोणीसशे एक्कावन्न आणि जानरावचं नुकतंच लग्न झालं होतं. त्याची बायको पंचफुला नांदगाव खंडेश्वरकडची. माहेरी आपण बांबूच्या नळीनं चूल फुंकायचो आणि ती नळी दर पंधरा दिवसांनी जळायची, असं तिनं त्याला हसत हसत सांगितलं होतं. जानरावनं ते लक्षात ठेवलं. दुपारच्या सुट्टीत जेवण सोडून तो माझी कड कानशीनं घासत बसला, का, तर तिच्या ओठाला धार लागू नये. संध्याकाळी घरी येऊन त्यानं मला तिच्या हातात ठेवलं.

"घे वं," तो म्हणाला, "हे काई जळत नाई. तुह्या जल्माले पुरते हे."

त्याचा शब्द खरा ठरला. मी तिच्या जन्माला पुरले.

जिनाचा हंगाम थंडीतच असतो. कापूस वेचून गाड्यांनी येऊ लागला की जिनाचा भोंगा पहाटे वाजायचा आणि त्याच्या आधी पंचफुला चुलीपुढे बसलेली असायची. सरपण म्हणजे पऱ्हाटी, कापसाच्या झाडाच्या वाळक्या काड्या. वाळलेली असली तर भरभर पेटते, पण रात्रभर दव पडलं की नुसती धुमसते. मग पंचफुला मला उचलायची. तीन फुंका मारल्या की जाळ उभा राहायचा. तीन, चौथी कधी लागली नाही. काय तो श्वास होता! माझ्या पोटातून जाताना मला वाऱ्यासारखा गार लागायचा आणि विस्तवावर पडला की घर उजळायचा.

तिच्या हातचं भरीत तर विचारू नका. मोठी, बी कमी असलेली वांगी ती निखाऱ्यांत ठेवायची, वरून काड्यांचा जाळ करायची. सालं काळी पडून फुटली की ती सोलून, लाकडी काथवटीत ठेचून त्यात कांद्याची पात, हिरवी मिरची, लसूण आणि कच्चं तेल घालायची. सोबत ज्वारीची भाकरी आणि तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी. बाहेर हुडहुडी भरलेली असली तरी जेवणाऱ्याच्या कपाळावर घाम यायचा. जानराव पहिला घास घेऊन डोळे मिटायचा. पंचफुला मात्र सगळ्यांचं झाल्यावर जेवायची. तोवर विस्तवावर राख धरायची आणि भाकरी वातड व्हायची. इतक्या हिवाळ्यांत तिनं गरम भरीत खाल्लेलं मी एकदाही पाहिलं नाही.

छप्पन साली दसऱ्याला दोघं नागपूरला गेली आणि बौद्ध होऊन परत आली. पंचफुलाच्या अंगावर पांढरं लुगडं होतं. जानरावची मान अशी ताठ मी आधी कधी पाहिली नव्हती. आल्या आल्या त्यानं तीन वर्षांच्या शालूला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक लेकीला, उचलून सांगितलं, "आता आपन कोनापेक्षा कमी नाई, समजलं काय?" शालूला काही समजलं नाही. मला मात्र फार बरं वाटलं.

पुढच्या हिवाळ्यात एक नवल घडलं. जिनात जानरावनं डबा उघडला आणि भरताचा वास मुकादम केशवरावांच्या नाकात गेला. केशवराव काट्यावर कापूस तोलून घेणारे, मोठ्या जातीतले, मोठ्या मिशांचे. आजवर ते जानरावच्या सावलीपासूनही हातभर लांब चालायचे. त्या दिवशी ते म्हणाले, "विस्तवात भाजलेल्या जिनसेले इटाळ नसते बाप्पा. दे जरासक." आणि त्यांनी भरीत खाल्लं.

जानराव घरी आला तो जवळजवळ पळतच. त्या रविवारी केशवराव जेवायला आले, सोबत इंजिनाला तेल देणारे नत्थुजी आणि गोदामाचे चौकीदार खुशालराव. अंगणात पोती अंथरली, पंगत बसली. मग दर हिवाळ्यात, जिन बंद असलेल्या प्रत्येक रविवारी, हा नेमच झाला. वस्तीतले लोक कुडाच्या फटीतून बघायचे आणि जानराव ते बघत आहेत हे बघायचा. पंचफुलासुद्धा सुरुवातीला फुलून गेली होती. ज्या लोकांच्या ओसरीवर तिच्या आईला कधी चढू दिलं नव्हतं, ते तिच्या अंगणात बोटं चाटत होते.

पण चुलीपुढून दारातून सरळ अंगण दिसतं. मी जे बघितलं ते तिनंही बघितलं. तिघंही आपापल्या घरून पाण्याचा तांब्या घेऊन यायचे. जेवण झालं की स्वतःच्या तांब्यातलं पाणी प्यायचे, त्याच पाण्यानं हात धुवायचे. जानरावनं भरून ठेवलेली कळशी तशीच भरलेली राहायची. भाकरीच्या पिठात पाणी आमच्याच विहिरीचं होतं, ते मात्र कुणाच्या घशात अडकलं नाही.

असे सहा हिवाळे गेले. तीन फुंकांच्या पाच झाल्या, पाचांच्या बारा. मधे ती मला मांडीवर ठेवून छातीला हात लावायची. जेवणारे दहा-दहा वांगी फस्त करायचे आणि म्हणायचे, "वा, पंचफुलाबाई!" त्या 'वा'मध्ये तिचा खोकला ऐकू जात नसे. ऐकणारी एकटी मी, आणि मी लोखंडाची.

तिचा धाकटा भाऊ देवराव अमरावतीला पोस्टात कारकून होता. त्रेसष्टच्या थंडीत तो भेटायला आला आणि बहिणीचा चेहरा बघून तिला दवाखान्यात घेऊन गेला. परत येताना त्याच्या हातात पितळी स्टोव्ह होता.

"भाऊजी, डॉक्टरनं सांगतलं," देवराव म्हणाला, "ताईच्या छातीत धूर बसला हाय. चुलीपुढं बसूच देऊ नका. आता सयंपाक याच्यावर."

मित्रांनो, कुणी आपली जागा घेतली की वाईट वाटतं. मला नाही वाटलं. मी त्या स्टोव्हला मनातल्या मनात हात जोडले.

त्या रविवारी भरीत स्टोव्हवर झालं. केशवरावांनी एक घास घेतला आणि ताट जरासं पुढे सरकवलं. "जानराव, रॉकेल खाऊ घालून राहिला काय रे?" ते हसून म्हणाले. सगळे हसले. अर्धं भरीत ताटांत तसंच राहिलं आणि पाहुणे लवकर उठले.

संध्याकाळी जानराव चुलीजवळ येऊन बसला. 

"चहा स्टोव्हवर कर, भाकर कर," तो म्हणाला. "भरीत तेवढं चुलीवर. हप्त्यातून एक डाव. ते आले नाई तं कसं होईन वं?"

"काहून? नाई आले तं काय होते?" पंचफुला म्हणाली. मग हळूच तिनं विचारलं, "अवो, सा वर्सं झाले. एक डाव तरी आपल्या घरचं पानी पेलं काय त्याईनं?"

जानरावनं काडीनं चुलीतली राख उकरली. "पितीन," तो म्हणाला. "हळूहळू पितीन. आज भाकर खाते, उद्या पानी पितीन."

पंचफुलानं त्याच्याकडे पाहिलं. माझी कड घासणारा तो तरुण तिला अजून त्याच्यात दिसत असावा. ती म्हणाली, "बरं." आणि पुढच्या रविवारी तिनं मला उचललं. मला तिचा राग आला, त्याचा आला, आणि सगळ्यांत जास्त त्या भरलेल्या कळशीचा आला.

पुढच्या हिवाळ्यात, पासष्टच्या जानेवारीत, फार थंडी पडली. पऱ्हाटी दवानं चिंब झाली होती. त्या रविवारी मी चाळीस फुंका मोजल्या. एकेचाळिसावी माझ्या पोटात शिरली, पण विस्तवापर्यंत पोचली नाही, मधेच विरली. तिनं मला खाली ठेवलं आणि भिंतीला टेकून बसली. भरीत तोवर झालं होतं. अकरा वर्षांच्या शालूनं ते वाढलं. अंगणातून आवाज आला, "आज तं लयच झ्याक झालं, पंचफुलाबाई!" आठव्या दिवशी ती गेली.

दुखवट्याला तिघं आले. दुपारची वेळ होती. घरी आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं, हे शालूला आईनं शिकवलेलं. तिनं तीन पेले भरून ताटलीत ठेवून पुढे धरले.

"आताच पेऊन निघालो, पोरी," केशवराव म्हणाले.

खुशालरावांनी नुसती मान हलवली. नत्थुजींचा हात पेल्याकडे निघाला होता. त्यांनी केशवरावांकडे पाहिलं आणि तोच हात डोक्यावरची टोपी नीट करायला नेला.

शालू ताटली धरून तशीच उभी राहिली. जानराव उठला. त्यानं एक पेला उचलला आणि त्यांच्या देखत पिऊन टाकला. मग दुसरा, मग तिसरा. तिसऱ्या पेल्यातलं निम्मं पाणी त्याच्या छातीवर सांडलं.  पाहुणे चपला घालून निघून गेले.

मग तो आत आला. शालू सकाळपासून उपाशी होती. त्यानं चुलीत वांगं ठेवलं, ओल्या काड्या लावल्या आणि मला उचललं. ज्यानं मला घडवलं त्यानं मला चौदा वर्षांत पहिल्यांदा तोंडाला लावलं. चार फुंका मारल्या आणि खोकून खोकून त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"शालू, तुही माय कितीक डाव फुकत होती वं?"

"मले काय मालूम, बाबा," शालू म्हणाली. "मी अंगनात ताटं वाढत होतो ना."

मला माहीत होतं. सुरुवातीला तीन, शेवटी एकेचाळीस. पण मला फक्त श्वास नेता येतो, शब्द नाही. जानरावनं मला दोन्ही हातांत धरलं आणि माझ्या कडेवरून अंगठा फिरवला, जिथे त्यानं कानस फिरवली होती तिथे. तो मोठ्यानं रडला. मग फळीवरचा स्टोव्ह काढून त्यानं त्यावर वांगं भाजलं. त्या भरताला रॉकेलचा वास येत होता. शालूला वाढून त्यानंही ते शेवटच्या घासापर्यंत खाल्लं, आणि नंतरच्या प्रत्येक हिवाळ्यात तसंच खाल्लं. एकदाही नाव ठेवलं नाही. तेवढं आधी केलं असतं तर!

आता मी दाराआड पडून आहे. गंज मला आतून खातो आहे. मला घासूनपुसून ठेवा, असं मी मुळीच म्हणणार नाही. मित्रांनो, माझं मागणं वेगळं आहे. थंडीत तुमच्या पुढ्यात वाफाळतं ताट आलं की लगेच 'वा' म्हणू नका. आधी चुलीकडे जा, फुंकणी मागून घ्या आणि ओल्या काड्यांवर स्वतः फुंका. मग जी बाई तिथे बसली होती तिला गरम भाकरी वाढा, आणि ती जेवत असताना तिच्याजवळ बसा. तिचा श्वास कसा चालला आहे तो ऐका. भरीत कसं झालं आहे ते नंतर सांगा.